ऐंशीच्या आत, चाळीसच्या खाली: एका प्रादेशिक विमान कंपनीची वाढ आणि नवी मुंबईचा प्रश्न

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी विमानं सुटायला लागली. पहिल्या दिवसापासूनच्या कंपन्यांत इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस आणि आकासा यांच्या जोडीला स्टार एअरचं नाव होतं. बाकी तिघींचा मुख्य कारभार पावणेदोनशेच्या पुढच्या खुर्च्यांच्या विमानांवर चालतो. स्टार एअरचं सगळ्यात मोठं विमान 76 खुर्च्यांचं. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची. 25 जानेवारी 2019 रोजी बंगळुरूहून तिचं पहिलं नियमित उड्डाण झालं आणि पहिली काही वर्षं ती मुंबईवर अवलंबून न राहता वाढली. आता मुंबईच्या दाराशी जागा मिळाल्यावर तिने काय करावं, हा या प्रकरणाचा (केस स्टडीचा) प्रश्न. खारघर-बेलापूरच्या वर्गांत तो चर्चेला घेतला की मुलं लगेच 'मागणी आहे का?' या मुद्द्यावर जातात. माझ्या मते तिथून सुरुवात केली की प्रकरण हातातून निसटतं. मागणी होती त्या गावांचीही विमानं बंद पडली आहेत.

जळगावचंच पाहा. 23 डिसेंबर 2017 रोजी एअर डेक्कनने मुंबई–जळगाव सेवा सुरू केली. कंपनीचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांचं हे दुसरं पर्व, विमान बीचक्राफ्ट 1900डी, खुर्च्या 18. सोनं, केळी, डाळ, पाइप, ठिबक सिंचन असा पैशाचा व्यवहार असलेलं गाव, मुंबईशी रोजचा संबंध. तरीही सेवा कधी चालू, कधी रद्द, अशीच रखडत राहिली आणि 2020 च्या टाळेबंदीत कंपनीचं कामकाजच थांबलं. मधल्या काळात, 2019 मध्ये, हैदराबादच्या ट्रूजेटने जळगाव जोडलं. तिची एटीआर, म्हणजे पंख्याच्या इंजिनांची छोटी विमानं, मुंबई आणि अहमदाबादला जात. फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रूजेटही जमिनीवर आली. 2024 मध्ये अलायन्स एअर मुंबईसाठी आली, आणि गोव्याच्या फ्लाय91 ने जळगावला गोवा, पुणे, हैदराबाद जोडलं. गाव तेच, धावपट्टी तीच, व्यापारीही तेच. बदलत गेल्या त्या कंपन्या.

दुखणं मुंबईच्या टोकाला होतं. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. अशा ठिकाणी उतरण्या-उडण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, ही सोन्याची वस्तू. 18 खुर्च्यांचं विमान धावपट्टीवर जवळजवळ तितकाच वेळ घेतं जितका 180 खुर्च्यांचं घेतं. मग सकाळी सातचा स्लॉट जळगावला कोण देणार? मिळायच्या त्या आडवेळा. दुपारी दोनला मुंबईत उतरणाऱ्या व्यापाऱ्याचा दिवस गेलेला असतो. तो रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी दादरला उतरतो, कामं उरकतो आणि त्याच रात्री परततो. हॉटेलचा खर्चही वाचतो. अशा माणसाला विमान नको असतं असं नाही, त्याला भलत्या वेळेचं विमान नको असतं.

लहान गावं परवडणाऱ्या विमानसेवेने जोडण्याची केंद्राची 'उडान' योजना ऑक्टोबर 2016 मध्ये आली, ती गावाच्या टोकावर उपाय म्हणून. 27 एप्रिल 2017 रोजी तिची पहिली उड्डाणं झाली, त्यात शिमला–दिल्ली होतं आणि आपलं नांदेड–हैदराबादही. योजनेची रचना अशी: विमानातल्या निम्म्या खुर्च्या, कमीत कमी 9 आणि जास्तीत जास्त 40, ठरावीक कमाल भाड्याने विकायच्या. सुरुवातीला साधारण 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला हे भाडं 2,500 रुपये होतं. त्यात येणारी खोट व्यवहार्यता तफावत निधीतून भरून मिळणार, 80 टक्के केंद्राकडून, 20 टक्के राज्याकडून (ईशान्येकडे 90 आणि 10). त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही. मात्र सलग चार तिमाही सरासरी 75 टक्क्यांच्या वर खुर्च्या भरल्या तर ही मक्तेदारी काढून घेता येते.

तीन वर्षांनी काय झालं ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट 2023 च्या अहवालात आहे. पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग दिले गेले. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली 112 मार्गांनी, आणि मदत थांबल्यावर मार्च 2023 पर्यंत टिकून राहिले फक्त 54. म्हणजे दिलेल्या मार्गांच्या सात टक्के. धोरणाची खिल्ली उडवायला हे आकडे सोयीचे आहेत, पण मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटतात. ज्या कंपनीने मदतीची तीन वर्षं म्हणजे धंद्याचा पाया मानला ती संपली. जिने ती तीन वर्षं गिऱ्हाइकाला सवय लावायला वापरली ती उरली.

स्टार एअरच्या हाती बेळगाव लागलं ते निव्वळ योगायोगाने नव्हे. उडानच्या आधीच्या फेरीत हुबळीला मदत मिळाली आणि 2018 मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली विमानं बेळगावहून हुबळीला हलवली. बेळगावचं विमानतळ जवळपास ओस पडलं. पुढच्या फेरीत, जानेवारी 2019 मध्ये, बेळगावचा समावेश झाला. म्हणजे प्रवासी तयार होते, त्यांना विमानाची सवय होती, टॅक्सीवाले आणि एजंट जागेवर होते, फक्त विमान निघून गेलं होतं. नव्या कंपनीला यापेक्षा सोपी सुरुवात मिळणं कठीण. पुढे बेळगावहून इंदूर, सुरत, तिरुपती, जोधपूर, नागपूर असे मार्ग सुरू झाले. 22 नोव्हेंबर 2019 रोजी कलबुर्गीचं विमानतळ उघडलं तेव्हा पहिली सेवा स्टार एअरचीच होती. दिल्लीच्या मुख्य विमानतळावर स्लॉटसाठी रांगेत उभं राहण्याऐवजी तिने गाझियाबादच्या हिंडनला विमान नेलं.

या जाळ्याचा नकाशा काढला तर एक गोष्ट दिसते. बहुतेक रेघा मधल्या गावाकडून मधल्या गावाकडे जातात. बेळगावच्या माणसाला जोधपूरला जायचं असतं का? असतं. तिथल्या बाजारपेठेत राजस्थानी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रेल्वेने हा प्रवास एक-दीड दिवसाचा, आणि थेट विमान दुसऱ्या कुणाचंच नाही. अशा मार्गावर कंपनीची स्पर्धा होती दुसऱ्या दिवसाच्या थकव्याशी. मुंबई–जळगावची स्पर्धा रात्रीच्या गाडीशी होती, आणि रात्रीची गाडी फार तगडी प्रतिस्पर्धी आहे.

आता विमानांकडे वळू, कारण या प्रकरणाचं खरं मर्म तिथे आहे. सुरुवातीची विमानं एम्ब्राएर ईआरजे-145, 50 खुर्च्यांची, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी रांग. 2023 पासून एम्ब्राएर ई175 आली: 12 बिझनेस, 64 इकॉनॉमी, एकूण 76. विमान 80 पेक्षा जास्त खुर्च्यांसह बनतं, तरी 76 वर थांबण्यामागे हिशेब आहे.

देशांतर्गत नियमित सेवेतल्या 80 पेक्षा कमी क्षमतेच्या विमानाला उतरण्याचं शुल्क माफ, ही आपल्याकडची जुनी सवलत. उडानच्या पुढच्या फेरीत 20 ते 80 खुर्च्यांचा एक स्वतंत्र गट केला गेला. केबिन क्रूचा नियम दर 50 खुर्च्यांमागे एक, म्हणजे 50 खुर्च्यांना एक जण पुरतो आणि 76 ला दोन लागतात. आणि सगळ्यात मोठी बाब इंधनाची. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडात तो 25 टक्के ठेवला होता, 2023 च्या अर्थसंकल्पात तो 18 वर आणला. पण केंद्रीय विक्रीकर कायद्याने टर्बोप्रॉप (एटीआरसारख्या पंख्याच्या) विमानांना, तसंच कमाल उड्डाण वजन 40,000 किलोच्या आत असलेल्या नियमित सेवेच्या विमानांना विकलेलं इंधन वेगळ्या यादीत टाकलंय. त्या इंधनावर राज्याला 5 टक्क्यांच्या वर कर लावता येत नाही. ई175 चा लांब पल्ल्यासाठीचा जड प्रकार सोडला तर हे विमान 40 टनांच्या आत बसतं. त्यामुळे नवी मुंबईत शेजारच्या स्टँडवरचं एअरबस 18 टक्के कराचं इंधन भरत असताना या विमानाला ते फार तर 5 टक्क्यांनी मिळतं.

म्हणजे ऐंशी खुर्च्या आणि चाळीस टन, या दोन उंबरठ्यांच्या आत राहून वाढायचं. कंपनीची वाढ पाहताना नव्या मार्गांची संख्या मोजण्यापेक्षा हे उंबरठे तिने ओलांडले का, हे मी आधी पाहतो.

यालाही दुसरी बाजू आहे. एटीआर 72 ताशी साधारण पाऊण टन इंधन पितं, ई175 त्याच्या दुपटीहून जास्त. बेळगाव–जोधपूरसारख्या लांब मार्गावर जेटचा वेग ते भरून काढतो. नवी मुंबईपासून नांदेड हवाई अंतराने साधारण साडेचारशे किलोमीटर, सोलापूर त्याहून कमी, कोल्हापूर तर तीनशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात जेट जेमतेम उंची गाठतं आणि उतरायला लागतं. एटीआरला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण इंधनाचं बिल निम्म्यावर येईल. फ्लाय91 ने मार्च 2024 मध्ये गोव्यातल्या मोपाहून सुरुवात करताना फक्त एटीआर 72-600 घेतली ती म्हणूनच. त्यामुळे महाराष्ट्रातल्या आखूड मार्गांवर स्टार एअरचं विमान थोडं जडच पडतं, असं माझं मत. भाडं वर ठेवूनच ते चालेल, आणि 12 बिझनेस खुर्च्या तिथे कामाला येतात. आमदार, डॉक्टर, ठेकेदार आणि शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी हे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावांतलं पक्कं गिऱ्हाईक.

जमिनीवर हे विमान कसं वळतं तेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक वेळा विमान लांबच्या स्टँडवर उभं असतं. 76 प्रवासी म्हणजे बसच्या दोन खेपा. पहिली बस भरून निघते, दुसरी शेवटच्या चार-पाच जणांसाठी थांबते, आणि त्या चार-पाच जणांपैकी एक हमखास सुरक्षा तपासणीत अडकलेला असतो. सामान कंटेनरमध्ये नाही, एकेक बॅग हाताने चढते. दोन केबिन क्रू प्रवासी उतरल्या उतरल्या पट्टे जुळवून ठेवतात, खुर्च्यांचे खिसे तपासतात. कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर खाली उतरून चाकं, इंजिनाचं तोंड, पंखांच्या कडा नजरेखालून घालतो. हे सगळं पंचवीस-तीस मिनिटांत. त्यातली दहा मिनिटं चुकली तर एका सेक्टरचं, म्हणजे एका उड्डाणाचं, फारसं बिघडत नाही. पण हे विमान दिवसात सहा-सात सेक्टर करत असतं, आणि सकाळी कुठेतरी धुक्याने खाल्लेला पाऊण तास संध्याकाळच्या नांदेडवाल्यांच्या डोक्यावर बसतो. मोठी कंपनी अशा वेळी दुसरं विमान काढते. हिच्याकडे जादा विमान उभं करून ठेवण्याची चैन नाही.

नवी मुंबईने नेमकं काय बदललं? पहिलं म्हणजे स्लॉट. 3,700 मीटरची धावपट्टी, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच हवी तशी जागा. सिडको आणि अदानी यांच्या या विमानतळाला पहिल्या वर्षांत विमानं हवी आहेत, म्हणून छोट्यांशीही बोलणी होतात. ही खिडकी फार दिवस उघडी राहणार नाही. विमानतळ भरत गेलं की सांताक्रूझचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचा, इतिहास इथे उलव्यातही घडेल. म्हणून आज मिळणारे सकाळ-संध्याकाळचे स्लॉट धरून ठेवणं हे सध्याच्या नफ्या-तोट्याहून मोठं काम आहे.

मात्र सुरुवातीला विमानतळ सकाळी 8 ते रात्री 8 एवढंच चालू ठेवण्यात आलं. ही मर्यादा कुणाला सगळ्यात जास्त लागते? दिल्लीच्या विमानाला फारशी नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारा प्रवासी हा ज्यांचा कणा आहे त्या आखूड मार्गांना लागते.

दुसरं, विमानतळ शुल्क. सुरुवातीच्या तात्पुरत्या दरांत इथून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशामागे 620 रुपये आणि येणाऱ्यामागे 270 रुपये विकास शुल्क ठरलं. दिल्लीच्या सहा हजारांच्या तिकिटात 620 खपून जातात. तीन हजारांच्या नांदेडच्या तिकिटात तोच आकडा वीस टक्क्यांच्या पुढे जातो. शुल्क माणशी असतं, अंतरावर नसतं, आणि आखूड मार्गाची कंबर अशा ठिकाणी मोडते.

तिसरा मुद्दा ठाणे आणि नवी मुंबईतल्या माणसांचा. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात माथाडी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, मूळ सातारा-सांगलीकडची. त्यांच्यासाठी विमान नाहीच. रात्री नेरूळ एलपी, खारघर किंवा कळंबोलीला ट्रॅव्हल्स पकडली की पहाटे गाव. कोल्हापूरचंही बरंचसं तसंच. त्यात विमान विकायचं तर गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागेल. मराठवाड्याचं गणित निराळं. ठाण्याहून नांदेडला रस्त्याने जाणं म्हणजे दिवस मोडणं. वंदे भारत 2025 मध्ये जालन्याहून पुढे नांदेडपर्यंत गेली आणि ठाणे-कल्याणला थांबतेही, पण मुंबई–नांदेड हा प्रवास तिलाही साडेनऊ तासांच्या आसपास लागतो. विमानाने ठाण्यातल्या घरातून ऐरोली-बेलापूरमार्गे उलवे सव्वा तास, आधीचा दीड तास, उड्डाण तासाभराचं, पुढे अर्धा तास. चार-साडेचार तासांत माणूस घरी. पाच तासांचा फरक असला की लोक पैसे मोजतात. सोलापूरला मात्र वंदे भारत साडेसहा तासांच्या आसपास पोहोचवते. तिथे विमान जेमतेम दोन तास वाचवतं.

तरी सोलापूर सुरू झालं. तिथली गोष्टही नोंदवण्याजोगी. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षांच्या वादानंतर जून 2023 मध्ये ती पाडली गेली. जून 2025 मध्ये फ्लाय91 ने सोलापूर–गोवा सुरू केलं, आणि मुंबई मार्गासाठी राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून तफावत निधी द्यायचं ठरवल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये स्टार एअरने मुंबई–सोलापूर घेतलं. सरकार पैसे देतंय तोवर जरूर उडावं. पण त्या मार्गाच्या भरवशावर विमान लीजवर घेऊ नये, हे महालेखापरीक्षकांच्या 54 मार्गांनी शिकवलेलं आहे.

तर मग निर्णय काय? कंपनीसमोर दोन वाटा आहेत. एक, नवी मुंबईहून पाच-सहा गावांना आठवड्यातून तीन-चार वेळा जायचं. नकाशा भरलेला दिसतो, पालकमंत्री खूश, स्वागताला वॉटर कॅनन. दुसरी, एक-दोन गावं धरून तिथे रोज दोनदा जायचं. मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे आणि पहिलं गाव म्हणून नांदेड घेईन. तिथे हुजूर साहिबमुळे पंजाबकडून येणारे भाविक आहेत, आसपास परभणी, हिंगोली, लातूरचा पट्टा आहे, आणि बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादशी या कंपनीने नांदेड आधीच जोडलेलं आहे. आठवड्यातून तीनदा जाणारं विमान माणूस लग्नकार्याला धरतो, कामाला नाही. कामाला जाणारा मंगळवारी निघून बुधवारी परतणारा असतो आणि बुधवारी विमान नसेल तर तो मंगळवारीही येत नाही.

वर्गात इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: एका गावावर एवढा भार टाकला आणि उद्या मोठ्या कंपनीने 78 खुर्च्यांचं एटीआर तिथे लावलं तर? इंडिगोकडे एटीआरचा मोठा ताफा आहे. भाड्याच्या लढाईत स्टार एअर टिकणार नाही हे उघड आहे. लढायचं ते वेळेवर. आणि म्हणून विमान रात्री कुठे उभं राहतं हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे. ते नवी मुंबईत मुक्कामी ठेवलं तर सकाळची पहिली फेरी ठाणे-पनवेलच्या माणसाला सोयीची होते, पण त्याला सकाळी लवकर नांदेड गाठण्याची घाई क्वचितच असते. घाई नांदेडच्या माणसाला असते, त्याला अकराला मंत्रालयात, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा बीकेसीत पोहोचायचं असतं. विमान नांदेडला मुक्कामी असेल तर ते सकाळी सातला निघून उलव्याचं दार उघडताच उतरतं, अटल सेतूवरून शिवडी गाठायला फार वेळ लागत नाही, आणि संध्याकाळी सातच्या आत तेच विमान परत निघू शकतं.

यासाठी नांदेडला क्रूची राहायची सोय, रात्रीची पार्किंग, सुटे भाग आणि ई175 वर सही करू शकणारा एक परवानाधारक अभियंता कायमचा ठेवावा लागेल. असे अभियंते देशात मोजके आहेत आणि ते बंगळुरू सोडून नांदेडला सहजी येत नाहीत. त्यांचा पगार, भत्ता आणि रजेच्या काळातला बदली माणूस हा खर्च पहिल्या वर्षी या मार्गावर निघणार नाही. तो कंपनीने मार्गाच्या नफ्या-तोट्यात न टाकता स्लॉट राखण्याच्या खर्चात धरावा. राज्य सरकारला पैसे द्यायचेच असतील तर ते रिकाम्या खुर्च्यांसाठी देण्याऐवजी या मुक्कामासाठी मागावेत.